कायटोसानच्या पाठीवरून डीएनए पेशीत: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

जेलचा फोटो निघतो. एका रांगेत मोकळ्या डीएनएचे बँड झकास खाली पळालेले, आणि शेजारच्या रांगेत सगळा उजेड वेलमध्येच, म्हणजे जेलच्या वरच्या खाचेतच, अडकलेला. कोळंबीच्या सालापासून मिळणाऱ्या पॉलिमरनं, कायटोसाननं, डीएनए धरला! नवा विद्यार्थी हा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा टाकतो. मी टाकला होता, आईनं विचारलं, "छान आहे, पण यात बघायचं काय?" पुढच्या आठवड्यात कायटोसान आणि डीएनएचे तेच कण पेशींवर घातले, दोन दिवस थांबले, मायक्रोस्कोपखाली प्लेट धरली आणि प्लेटच्या अख्ख्या वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, डीएनए घेऊन हिरव्या झालेल्या पेशी मोजून चार.

डीएनए धरणं कायटोसानला सोपं जातं. अडचण असते ती योग्य जागी सोडण्याची. खालच्या सगळ्या पायऱ्या मी याच नजरेनं लिहिल्या आहेत: प्रत्येक ठिकाणी "धरलं का?" याच्या जोडीनं "सोडेल का?" हेही तपासायचं. हे वाचणाऱ्याला पेशी वाढवता येतात, जेल रन करता येतं आणि पिपेटची सवय आहे असं धरून चालते. उदाहरण एकच घेतलं आहे: हिरवं चमकणारं जीएफपी प्रथिन बनवणारं प्लाझमिड (डीएनएचं छोटं कडं), एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी आणि कायटोसान.

कायटोसानच का

कोळंबी किंवा खेकडा सोलून जे उरतं त्यात कायटिन असतं. मुंबईच्या ससून डॉकवर बायका कोळंबी सोलत बसलेल्या असतात; त्यांच्या शेजारी साचतो तसला सालांचा ढीग म्हणजे आपल्या बाटलीतल्या पावडरीचं माहेर. गंमत म्हणजे कायटिन पहिल्यांदा सापडलं ते समुद्रात नव्हे, अळंबीत. १८११ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते वेगळं केलं. सालांतलं प्रथिन आणि कॅल्शियम काढून टाकायचं, उरलेलं कायटिन गरम आणि तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये शिजवायचं, की साखळीवरचे ॲसिटिल गट गळतात आणि त्यांच्या खालचे अमाइन, म्हणजे नायट्रोजनवाले गट, उघडे पडतात. असं बरंचसं ॲसिटिल गमावलेलं कायटिन म्हणजे कायटोसान. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं त्याच्या निर्मितीवर बरंच काम केलेलं आहे.

सगळी करामत या अमाइनची. डीएनएच्या कण्यावर फॉस्फेट असतात, त्यांचा भार ऋण. अमाइननं प्रोटॉन घेतला की त्याचा भार धन. दोघं जवळ आले की एकमेकांना चिकटतात आणि काही हजार बेस-जोड्यांचा पसरलेला डीएनए शे-दोनशे नॅनोमीटरच्या गोळीत आवळला जातो. पण कायटोसानच्या अमाइनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे अमाइन भारित असतात तो, ६.५ च्या आसपास आहे, आणि हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा इतका महत्त्वाचा. ढोबळ हिशेबानं पीएच ५.५ ला दहापैकी नऊ अमाइन भारित असतात, तर पीएच ७.४ ला, म्हणजे रक्ताच्या आणि नेहमीच्या मीडियाच्या पीएचला, दहापैकी जेमतेम एक. पुढे ज्या ज्या ठिकाणी प्रयोग फसेल, तिथे बहुतेक वेळा हाच आकडा मागे उभा असेल.

बाकीचे नैसर्गिक पॉलिमर? अल्जिनेट आणि हायल्युरॉनिक आम्ल स्वतःच ऋणभारित, त्यामुळे ते एकटे डीएनए धरत नाहीत. कायटोसानच्या कणांवर मुलामा म्हणून मात्र उपयोगी पडतात. जिलेटिन चालतं, पण त्याची पकड सैल. माशांच्या शुक्रपेशींत मिळणारं प्रोटामिन डीएनए घट्ट बांधतं, कारण निसर्गात त्याचं कामच ते आहे. डेक्स्ट्रानला धनभारित गट जोडून केलेलं डीईएई-डेक्स्ट्रान तर १९६५ पासून पेशींत न्यूक्लिक आम्ल घालायला वापरात आहे. नवख्यानं तरीही कायटोसानपासून सुरुवात करावी, कारण ते स्वस्त आहे, पेशींना फारसं त्रासदायक नाही, आणि त्यावर इतकं लिहिलं गेलं आहे की अडलात तर कुणीतरी आधी अडलेलं सापडतंच.

ते श्लेष्मल त्वचेला चिकटतं हा आणखी एक फायदा. १९९९ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या गटानं शेंगदाण्यातल्या ॲलर्जी आणणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक कायटोसानच्या कणांत भरून उंदरांना तोंडावाटे दिलं, आणि त्या उंदरांची शेंगदाण्यावरची तीव्र प्रतिक्रिया सौम्य झाली. आज डेटालिमोजीन नावाचं कायटोसानवर बेतलेलं जनुक-औषध मूत्राशयाच्या कर्करोगासाठी रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलं आहे. आपल्याला तूर्त चोवीस वेलची एक प्लेट पुरे.

प्रवासाचा नकाशा

कण पेशीच्या पृष्ठभागावर चिकटतो, पेशी त्याला पिशवीत घेऊन आत ओढते. ही पिशवी म्हणजे एन्डोसोम. तिच्यातला पीएच आधी ६ च्या आसपास आणि मग ५ च्या दिशेनं घसरतो. वेळेत बाहेर पडलं नाही तर पुढे लायसोसोम आणि तिथली पाचक विकरं. कायटोसानचे उरलेले अमाइन या आम्लात प्रोटॉन शोषतात, त्यामागून क्लोराइड आणि पाणी आत येतं आणि पिशवी फुगून फुटते असं मानलं जातं. मूळ कल्पना पॉलिएथिलिनइमिन या कृत्रिम पॉलिमरसाठी मांडली गेली. कायटोसानला ती किती लागू पडते यावर अजून वाद आहेत. बाहेर आल्यावर कायटोसाननं डीएनए सोडायला हवा आणि डीएनएनं केंद्रकात शिरायला हवं. हे शिरणं बरंचसं पेशी विभागताना, केंद्रकाचं आवरण विरघळतं तेव्हा होतं. म्हणून विभागणाऱ्या पेशी घ्यायच्या.

पायरी १: परवानगी आणि प्लाझमिड

पुनर्संयोजित डीएनएचं काम आहे, तेव्हा संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला आधी कळवा. गाइडनी पूर्वीच मंजुरी घेतलेली असते, पण तिच्यात तुमचं प्लाझमिड आणि तुमच्या पेशी बसतात का ते स्वतः वाचा.

प्लाझमिड घ्या सीएमव्ही प्रमोटरचं (जनुक जोरात चालू करणारा डीएनएचा तुकडा), जीएफपीवालं, साधारण ४.७ किलोबेसचं, बहुतेक प्रयोगशाळांच्या फ्रीझरमध्ये असं एखादं असतंच. एन्डोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंकडून येणारं विष, काढणारं किट वापरा. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर १.८ ते १.९ यायला हवं. शेवटी डीएनए टीई बफरमध्ये न काढता निर्जंतुक पाण्यात काढा. टीईचा पीएच ८ असतो आणि आपल्याला तो तिथे नको आहे. जेलवर एकदा बघून घ्या, बहुतांश डीएनए सुपरकॉइल्ड, म्हणजे स्वतःभोवती पिळलेला, असला पाहिजे.

पायरी २: बाटली वाचणं आणि पावडर विरघळवणं

कायटोसानच्या बाटलीवर दोन आकडे शोधा. एक, डीअसिटिलेशनचं प्रमाण, म्हणजे किती टक्के एककांवरचे अमाइन उघडे आहेत. दुसरा, रेणुभार. "कमी रेणुभार" असं लिहिलेल्या बाटलीतही ५० ते १९० किलोडाल्टन असा ऐसपैस पल्ला असतो, तेव्हा त्या शब्दावर फार विसंबू नका. लॉट नंबर वहीत लिहा. तीच कंपनी, तोच कॅटलॉग नंबर आणि वेगळा लॉट आला तर कायटोसान वेगळं निघू शकतं. कोळंबी काही कारखान्यात बनत नाही.

पावडर हवेतला ओलावा ओढते. जून-जुलैत मुंबईत उघड्या बाटलीतून वजन केलंत तर त्यात पाणी किती आणि कायटोसान किती हे देवच जाणे. डेसिकेटरमध्ये ठेवा, पटकन वजन करा.

१ टक्का ॲसेटिक आम्लात १० मिलिग्रॅम प्रति मिली असं द्रावण करा आणि रात्रभर चुंबकी ढवळणीवर सोडा. घाई करून गरम करू नका. सकाळी द्रावण किंचित दाट आणि स्वच्छ दिसायला हवं. मग ते ५ मिलिमोलर सोडियम ॲसिटेट बफरमध्ये १ मिलिग्रॅम प्रति मिलीपर्यंत पातळ करा, पातळ सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं घालून पीएच ५.५ ला आणा आणि ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा. थेंबाथेंबानं म्हटलं ते मनापासून म्हटलं. एका फटक्यात टाकलंत तर त्या जागी पीएच ६.५ च्या वर उसळतो आणि दूध नासावं तसे पांढरे धागे तरंगू लागतात. एकदा नासलेलं द्रावण गाळून "चालेल" म्हणू नका. किती कायटोसान फिल्टरवर राहिलं ते कळणार नाही आणि पुढचा सगळा हिशेब खोटा ठरेल.

पायरी ३: एन-पी गुणोत्तराचा हिशेब

इथे जरा थांबा, कारण बहुतेक चुका पिपेटच्या आधी कागदावर होतात.

एन म्हणजे कायटोसानच्या अमाइनमधले नायट्रोजन, पी म्हणजे डीएनएतले फॉस्फेट. दर फॉस्फेटमागे किती अमाइन घालतो ते एन-पी गुणोत्तर. डीएनएच्या एका न्यूक्लिओटाइडचं सरासरी वजन ३३० धरतात आणि प्रत्येकावर एक फॉस्फेट. म्हणजे १ मायक्रोग्रॅम डीएनएमध्ये १००० भागिले ३३०, सुमारे ३.०३ नॅनोमोल फॉस्फेट.

आता कायटोसान. उघड्या अमाइनच्या एककाचं वजन १६१, ॲसिटिल असलेल्या एककाचं २०३. बाटलीवर ८५ टक्के लिहिलं असेल तर सरासरी एकक ०.८५ गुणिले १६१ अधिक ०.१५ गुणिले २०३, म्हणजे १६७.३. पण शंभर एककांपैकी ८५ वरच अमाइन आहे, म्हणून १६७.३ ला ०.८५ नं भागा: एका अमाइनमागे वजन साधारण १९७. हा भागाकार लोक विसरतात. ज्यांनी थेट १६१ धरलं त्यांचं "एन-पी ५" प्रत्यक्षात ४ च्या जवळ असतं, आणि दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत म्हणून महिनाभर ई-मेल चालतात.

एन-पी ५ हवं असेल तर १ मायक्रोग्रॅम डीएनएला ३.०३ गुणिले ५, म्हणजे १५.१५ नॅनोमोल अमाइन. गुणिले १९७, म्हणजे सुमारे ३ मायक्रोग्रॅम कायटोसान. डीएनए १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली घेतला आणि समान आकारमानं मिसळणार असाल, तर कायटोसान ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिली हवं. तुमच्या १ मिलिग्रॅमच्या द्रावणातून ३०० मायक्रोलिटर घ्या आणि ७०० बफर. बाटली ९२ टक्क्यांची असेल तर १९७ च्या जागी १७९ येईल; करून बघा.

पहिल्यांदा १, ३, ५, १० आणि २० अशी मालिका लावा. एकाच गुणोत्तरावर जीव लावू नका. फार कमी असलं तर डीएनए उघडा राहतो, फार जास्त असलं तर मोकळं कायटोसान द्रावणात फिरत राहतं आणि कणांची मिठी इतकी घट्ट होते की सुटत नाही.

पायरी ४: मिसळणं

डीएनए २५ मिलिमोलर सोडियम सल्फेटमध्ये १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली करा. डीएनए आणि कायटोसान वेगवेगळ्या नळ्यांत ५५ अंश सेल्सिअसला दहा मिनिटं ठेवा. मग १०० मायक्रोलिटर डीएनएवर १०० मायक्रोलिटर कायटोसान एका दमात घाला आणि लगेच २० ते ३० सेकंद व्होर्टेक्स करा. सल्फेट आणि उष्णतेची ही रीत २००० च्या आसपास रूढ झाली आणि अजून चालते. काही जण सल्फेटशिवाय, खोलीच्या तापमानाला, नुसतं पिपेटनं वरखाली करून मिसळतात; लहान साखळीच्या कायटोसानला तेही जमतं. कोणतीही रीत धरा, पण तीच धरा. आज मी ओतलं, उद्या मैत्रिणीनं थेंबाथेंबानं सोडलं, असं झालं की कणांचा आकार बदलतो. नळी अर्धा तास तशीच राहू द्या. मिश्रणाला निळसर, दुधाळ झाक आली तर ठीक. डोळ्यांना गुठळ्या दिसल्या तर नव्यानं करा.

पायरी ५: जेल, दोन्ही बाजूंनी

०.८ टक्के ॲगॅरोज जेल, प्रत्येक रांगेत डीएनए सारखा, पहिल्या रांगेत मोकळं प्लाझमिड. ८० व्होल्टवर तासभर. एन-पी १ ला काही डीएनए खाली सरकलेला दिसेल, वरच्या गुणोत्तरांना तो वेलमध्येच राहील. हा तो घरी पाठवायचा फोटो.

दोन गोष्टींनी फसायला होतं. पहिली, घट्ट आवळलेल्या डीएनएमध्ये एथिडियम ब्रोमाइड नीट शिरत नाही, त्यामुळे वेलसुद्धा अंधारी दिसू शकते. डीएनए गेला कुठे म्हणून घाबरू नका. दुसरी, टीएई बफरचा पीएच ८ च्या वर असतो. तिथे कायटोसानचा भार जवळपास संपलेला. लांब साखळ्या तरीही धरून ठेवतात, पण १० किलोडाल्टनच्या आसपासची लहान साखळी जेलमध्येच डीएनए सोडून देते. मग तुम्ही म्हणता कण बनलेच नाहीत, आणि ते बनलेले असतात. लहान साखळ्यांसाठी जेल आणि बफर पीएच ६.५ ला, एमईएस बफरमध्ये करा.

आता सोडण्याची परीक्षा, जी निम्मे लोक करतच नाहीत. हेपारिन हे भरपूर ऋणभारित नैसर्गिक पॉलिमर. कणांच्या नळ्यांत डीएनएच्या वजनाच्या १, २, ५, १० आणि २० पट हेपारिन घाला, ३७ अंशांना अर्धा तास ठेवा आणि जेलवर चढवा. हेपारिन कायटोसानला आपल्याकडे ओढतं आणि डीएनए मोकळा होऊन खाली पळतो. जे कण २ पटीला सुटतात आणि जे २० पटीलाही ढिम्म हलत नाहीत, त्यांच्यातला फरक मला पेशींतल्या निकालात पुन:पुन्हा दिसला आहे. हट्टी कणांचा फोटो सगळ्यात देखणा येतो आणि पेशी सगळ्यात कमी चमकतात.

तिसरं जेल संरक्षणाचं: कण आणि मोकळा डीएनए, दोघांनाही डीएनए तोडणाऱ्या डीएनेझ-१ या विकराबरोबर ३७ अंशांना अर्धा तास ठेवा, ईडीटीएनं विकर थांबवा, भरपूर हेपारिननं डीएनए सोडवा आणि रन करा. मोकळ्याचा भुगा झालेला आणि कणांतला शाबूत, असं दिसायला हवं.

पायरी ६: आकार आणि भार

डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगवर १०० ते २५० नॅनोमीटर, पॉलिडिस्पर्सिटी (कणांच्या आकारातली तफावत) ०.३ च्या आत, झीटा पोटेन्शियल (कणाच्या पृष्ठभागावरच्या भाराचं माप) धन. एवढं आलं की पुढे चला. फक्त एक: कण पीबीएस या नेहमीच्या फॉस्फेट बफरमध्ये पातळ करू नका. पीएच ७.४, त्यात मीठ, त्यात फॉस्फेट. पाच मिनिटांत हजार नॅनोमीटरचे गोळे होतात. माझा एक अख्खा आठवडा असा गेला आणि दोष मी यंत्राला देत होते. ज्या बफरमध्ये कण केले त्यातच मोजा.

पायरी ७: पेशी

एचईके-२९३ पेशी पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशी-संग्रहातून मागवता येतात. मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्ग नाही ना ते तपासून घ्या. फार जुन्या पॅसेजच्या, म्हणजे खूपदा नव्या प्लेटमध्ये हलवून वाढवलेल्या, पेशी वापरू नका.

आदल्या दिवशी चोवीस वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला साधारण एक लाख पेशी लावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्या ६० ते ७० टक्के भरलेल्या असतील. पूर्ण भरलेल्या थरात पेशी विभागायच्या थांबतात, आणि केंद्रकाचं दार तर विभागतानाच उघडतं.

आता पुन्हा तो ६.५ चा आकडा. नेहमीचा मीडिया पीएच ७.४ चा. त्यात कण टाकले की भार गळतो, कण गोळा होतात आणि पेशींना नीट चिकटत नाहीत. म्हणून ट्रान्सफेक्शनच्या, म्हणजे पेशींत डीएनए घालण्याच्या, काही तासांपुरता मीडिया वेगळा करा: बायकार्बोनेट कमी, सोबत एमईएस बफर, आणि पीएच इन्क्युबेटरच्या ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवूनच ६.५ ते ६.८ ला जुळवा. बाकावर जुळवलेला पीएच आत गेल्यावर बदलतो. या मीडियातला फिनॉल रेड पिवळट दिसेल. एरवी पिवळा मीडिया म्हणजे पेशी उपाशी, म्हणून हात शिवशिवतात. इथे तसाच असू द्या.

जुना मीडिया काढा, हा नवा ५०० मायक्रोलिटर घाला. एचईके पेशी प्लेटला सैल धरून असतात, तेव्हा पिपेट वेलच्या कडेला टेकवून हळू सोडा, नाहीतर पेशींचा पापुद्रा सुटून येतो. मग कणांचं मिश्रण २० मायक्रोलिटर. मिसळल्यावर डीएनए ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली झाला होता, म्हणजे वेलला १ मायक्रोग्रॅम गेला. प्लेट हलकेच पुढे-मागे हलवा. पाच तासांनी सीरमवाला नेहमीचा मीडिया घाला.

नियंत्रणं न लावता प्रयोग करू नका: एक वेल काहीच न घातलेली, एक नुसत्या डीएनएची, एक नुसत्या कायटोसानची, आणि एक बाजारातल्या लायपिड रिएजंटची. शेवटचीमुळे कळतं की पेशी आणि प्लाझमिड धड आहेत. ती वेलही काळी राहिली तर कायटोसानला बोल लावण्यात अर्थ नाही. प्रत्येक गोष्टीच्या तीन तीन वेल.

पायरी ८: कधी आणि कसं बघायचं

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी मायक्रोस्कोपकडे धावणं म्हणजे पी हळद अन् हो गोरी. लायपिड रिएजंटची वेल चोवीस तासांत चमकते. कायटोसान सावकाश सोडतं, त्याचा जोर ४८ तासांनंतर, बरेचदा ७२ ला दिसतो. चोवीस तासांच्या निकालावर कायटोसान टाकून दिलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. ४८ आणि ७२ ला फोटो घ्या, सगळ्या वेलना एक्स्पोजर सारखं ठेवा, आणि जमलं तर फ्लो सायटोमीटरवर टक्केवारी काढा. "बऱ्याच हिरव्या" हे मोजमाप नव्हे. त्याच वेळेला वेगळ्या प्लेटवर एमटीटी ही रंगाची चाचणी करून पेशी किती जिवंत आहेत ते पाहा. कायटोसान सहसा सौम्य असतं. एन-पी ५ ला पेशी मरत असतील तर आधी संशय ॲसेटिक आम्लावर आणि एन्डोटॉक्सिनवर घ्या.

फसलं तर

जेल चांगलं, आकार चांगला, पेशी काळ्या: पहिल्यांदा ट्रान्सफेक्शनच्या मीडियाचा पीएच मोजा. तो बरोबर असेल तर हेपारिनचं जेल काढून बघा. कण हट्टी असतील तर कायटोसानची साखळी लहान करायची वेळ आली. कॅनडातल्या माँट्रियलच्या गटानं २००६ साली एचईके-२९३ वर रेणुभार, डीअसिटिलेशन आणि एन-पी यांच्या जोड्या लावून पाहिल्या. सर्वांत सरस ठरलेल्यांत ९२ टक्के, १० किलोडाल्टन, एन-पी ५ ही एक होती आणि ८० टक्के, १० किलोडाल्टन, एन-पी १० ही दुसरी. गंमत बघा: अमाइन कमी केले तर कायटोसान जास्त घालावं लागलं. पकड कुठेतरी मधोमध लागते आणि तिथे पोचायच्या वाटा एकाहून जास्त आहेत.

१० किलोडाल्टनचं कायटोसान विकत मिळालं नाही तर घरचंच तोडता येतं, म्हणजे प्रयोगशाळेतलं. आम्लात विरघळलेल्या कायटोसानमध्ये सोडियम नायट्राइट घातलं की तयार होणारं नायट्रस आम्ल अमाइन असलेल्या एककांपाशी साखळी तोडतं. नायट्राइट किती, त्यावर तुकडे केवढे ते ठरतं. फ्यूम हुडमध्येच करा, मग सोडियम हायड्रॉक्साइडनं कायटोसान खाली बसवून धुवा, आणि रेणुभार मोजून घेतल्याशिवाय हिशेबात धरू नका.

प्लाझमिडऐवजी एसआयआरएनए (जनुकाचं काम दाबणारा छोटा आरएनए) वापरायचं असेल तर हाच मसाला जसाच्या तसा चालत नाही. एकवीस-बावीस बेस-जोड्यांचा तो आखूड, ताठ तुकडा गोळी होऊन आवळत नाही, त्यामुळे सहसा एन-पी बरंच वाढवावं लागतं. सोय एवढीच की त्याला केंद्रकात जायचं नसतं.

उरलेले कण फ्रीझरमध्ये टाकून पुढच्या आठवड्यात काढायचा मोह होईल. बर्फ होताना कण एकमेकांवर दाबले जातात आणि वितळल्यावर गुठळ्या मिळतात. सुक्रोज किंवा ट्रेहलोज घालून ते वाचवता येतात, पण ती वेगळी तालीम. तूर्त दर वेळी ताजे करा. वापरलेली प्लेट ब्लीचमध्ये किंवा ऑटोक्लेव्हच्या पिशवीत, आणि एथिडियमची जेल तिच्या वेगळ्या डब्यात.